विमान धरायला माणूस

रेडिओवर चालणारं छोटं विमान उडवायचं तर दोन माणसं लागतात. एक विमान धरून उभा राहायला आणि दुसरा रेडिओची पेटी घेऊन लांब चालत जायला. हे मला विमानाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकानं सांगितलं आणि त्या पत्रकाचा मला आजही राग आहे. चार पानांचं इंग्रजी पत्रक. त्यात जागोजागी 'तुमच्या सहकाऱ्याला सांगा' असं लिहिलेलं. सहकाऱ्याला विमान घट्ट धरायला सांगा. शेपटीचं पान हललं की सहकाऱ्याला हात वर करायला सांगा. ज्याच्याकडं विमान आहे त्याच्याकडं एक माणूसही असणारच, असं लिहिणाऱ्यानं धरूनच चाललं होतं. माझ्याकडं सातारच्या कचेरीत कारकुनी होती, एका पेन्शनर सुभेदारांच्या घरातली मागची खोली होती, सायकल होती आणि विमान होतं. माणूस तेवढा नव्हता.

माझा माणूस कानपूरला होता.

आम्ही दोघं सांगलीला कॉलेजात एका खोलीत राहायचो. तो विट्याजवळच्या एका खेड्यातला. तिकडं घरटी एखादा तरी पुरुष दूरदेशी गलाईच्या दुकानात असतो. सराफाकडचा चुरा, झाडलोटीतली माती, जुने दागिने आणायचे, भट्टीत वितळवायचे आणि त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढून द्यायचं, असा तो धंदा. त्याचे वडील आणि काका कानपूरला होते. शाळेच्या सुट्ट्या त्यानं भट्टीपुढं काढलेल्या. त्यामुळं त्याच्या बोटांना चटका हा प्रकार ठाऊकच नव्हता. तापलेली तार तो सहज उचलून इकडची तिकडं ठेवायचा आणि मी नुसती बघून हात झटकायचो.

माझं डोकं आणि त्याचे हात, असं आमचं चालायचं. खानावळवाल्या बाईंचा बंद पडलेला रेडिओ आम्ही चालू करून दिला, तेव्हापासून आमच्या डोक्यात दुकान शिरलं. सांगलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढायचं, दोघांचं. कुठल्या गल्लीत, पाटी कुठल्या रंगाची, हेसुद्धा ठरलं होतं. त्याच सुमारास कॉलेजच्या मैदानावर लष्करातून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी असलं विमान उडवून दाखवलं. आम्ही त्याच्यामागं शेंबड्या पोरांसारखे पळालो. परत येताना हा म्हणाला, "गड्या, दुकान काढायच्या दिशी आपुन आपलं इमान उडवायचं. समदी सांगली बघाय येती का न्हाई बघ. मग कुनाचा रेडिओ दुसरीकडं जातोय?"

मला हे इतकं पटलं की त्या दिवसापासून दुकान आणि विमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला कधी वाटलंच नाही.

मुंबईहून पार्सलनं खोकं आलं. आत बाल्सा नावाच्या परदेशी लाकडाच्या पट्ट्या होत्या, हातात घेतल्या तरी घेतल्यासारख्या वाटू नयेत इतक्या हलक्या. पंखांवर ताणून चिकटवायचा पातळ कागद होता आणि चुन्याच्या डबीएवढं एक इंजिन. रेडिओ आम्हालाच करायचा होता. हातात धरायची पेटी लाटा पाठवणार आणि विमानाच्या पोटातला रिसीव्हर त्या पकडणार. पेटीवर एकच बटण. एकदा दाबलं की शेपटीचं उभं पान उजवीकडं वळायचं, सोडलं की मध्ये यायचं, पुन्हा दाबलं की डावीकडं. बस, एवढंच. वर-खाली काही नाही. जेवढं इंधन तेवढं उडायचं, ते संपलं की तरंगत खाली यायचं.

रिसीव्हरचा नकाशा मी काढला, जोड त्यानं दिले. तिथंच आमचा वाद झाला. रेडिओच्या जोडाला राळ लावायची, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तो गलाईवाल्याचा पोरगा, तो कशाला ऐकतोय!

"राळंनं काय धरतंय? नवसागर लाव. माझ्या बापानं नवसागर लावून दिल्याला जोड हातोड्यानं बी निघत न्हाई."

"आरं, त्यो भांड्याला. रेडिओला न्हाई."

"तांबं त्ये तांबंच की रं. रेडिओतलं काय येगळं असतंय व्हय?"

माझं बोलणं होईपर्यंत त्याचे सात जोड देऊनही झाले होते. चांदीच्या थेंबांसारखे चकचकीत. माझे कधी असे जमले नसते. सगळ्यात मोठ्या जोडावर, बॅटरीची तार जिथं येते तिथं, त्यानं सुईनं बारीकशी फुली ओढली. म्हणाला, "ह्यो माझा. आमी सोन्याच्या लगडीवर करतो तशी खूण." मला माहीत होतं की नवसागर चुकीचा आहे. पण ते जोड इतके देखणे होते आणि तो इतका खूश होता, की मी गप्प बसलो.

परीक्षा संपायच्या आधीच कानपूरहून तार आली. वडिलांच्या हातावर सोनं शुद्ध करायचं तेजाब सांडलं होतं. दुकानात माणूस हवा होता. दोन दिवसांत त्यानं गाशा गुंडाळला. मिरजेच्या स्टेशनवर मी त्याला पोचवायला गेलो तेव्हा माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला.

"रडतोस काय बाईगत? तू ह्येला उडव. उडालं की कळव. म्या येतो, मग दुकान काढू."

गाडी सुटता सुटता बोललेलं हे वाक्य मी स्टॅम्पपेपरवर लिहून घेतल्यासारखं जपलं. माझ्या दृष्टीनं सगळं अगदी सरळ होतं. विमान उडालं की तो येणार. न येण्याचं दुसरं काही कारण मला दिसतच नव्हतं.

मग मला सातारला नोकरी लागली. कॉलेजची खोली सुटल्यावर मी सांगलीतच भाऊ-भावजयीच्या घरात आलो होतो, तिथं माझी तशी अडचणच होती, त्यामुळं कुणी फार अडवलं नाही. खोक्यासकट मी सुभेदारांच्या मागच्या खोलीत येऊन पडलो. ही साठनंतरची वर्षं. कचेरीत दिवसभर बारनिशीत टपाल नोंदवायचं, संध्याकाळी खोलीवर येऊन पंखाची एखादी फासळी घासायची. सुरुवातीला कानपूरचं कार्ड महिन्याला यायचं. मग सणाला यायला लागलं. मी मात्र दर पंधरा दिवसांनी लिहायचो. आज डावा पंख झाला, आज कागद चिकटवला, आज चाकं बसवली. त्याच्या कार्डात विमानाबद्दल एखादी ओळ असायची. "इमान काय म्हणतंय?" एवढीच. त्या ओळीवर माझे पंधरा दिवस निघायचे.

सुभेदार एकटेच असायचे. बायको वारलेली, मुलगी सासरी. संध्याकाळी ओट्यावर बसून तेही माझ्या विमानाकडं लक्ष ठेवून असत.

"काय रं, उडालं का?"

"न्हाई आवं, अजून रंग वाळायचाय."

"आधी लगीन कर. इमान काय, बायकू आल्यावर आपोआप उडतंय."

हे दर दोन-चार दिवसांनी व्हायचं. मला त्यांचा राग यायचा नाही, पण आनंदही व्हायचा नाही. बोलणं वाढू नये म्हणून मी दार लोटून घ्यायचो. आता वाटतं, त्या घरात दोन एकटी माणसं होती आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक होतं.

पेटीसाठी परवाना काढावा लागला. सरकारी कारकुनानं सरकारला लिहिलेली ती पत्रं हा वेगळाच विषय आहे. तो परवाना आला आणि तपासणीची वेळ आली. म्हणजे पत्रकातला तो सहकारी आला. विमान त्यानं धरायचं, आपण पेटी घेऊन शंभर पावलं जायचं, बटण दाबायचं. पान हललं की त्यानं हात वर करायचा. मग दोनशे पावलं, मग तीनशे. कुठवर आपलं विमान आपलं ऐकतं, हे असं ठरवायचं.

सुभेदारांना हे कुठून कळलं कोण जाणे. बहुतेक मीच कधीतरी बोललो असेन. एका शनिवारी ते म्हणाले, "मी धरतो की. पलटणीत तोफा वढल्यात आमी. तुझं इमान काय त्याच्यापरीस जड हाय व्हय?"

"अजून तयार न्हाई, सुभेदार. झालं की सांगतो."

ते तयार होतं. मी धडधडीत खोटं बोललो. विमान धरायची जागा त्याची होती. ती दुसऱ्या कुणाला दिली असती तर तो येणार नाही हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. तेव्हा इतकं स्पष्ट मला सांगता आलं नसतं, पण मी खोटं बोललो ते याचसाठी.

मग मी माणसाशिवाय काम भागवायची युक्ती काढली. दाढीचा फुटका आरसा होता, त्याचा नखाएवढा तुकडा शेपटीच्या पानाला डिंकानं चिकटवला. कोरेगावच्या रस्त्याला एक मोठा माळ आहे. रविवारी सकाळी सायकलवर विमान बांधून तिथं गेलो, दगडांच्या ढिगाऱ्यावर ते नीट ठेवलं, उन्हाकडं शेपूट केली आणि पेटी घेऊन चालत सुटलो. शंभर पावलांवर वळून बटण दाबलं. आरसा लकाकला. दोनशेवर दाबलं, लकाकला. तीनशेवरही लकाकला, तेव्हा मी "आलं! आलं!" म्हणून जोरात ओरडलो. बांधाला एक बाई गवत कापत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि आपला भारा उचलून पलीकडच्या बांधाला गेली.

पत्रकात पुढं आणखी एक ओळ होती. हीच तपासणी इंजिन चालू ठेवून पुन्हा करा, कारण इंजिनाच्या थरथरीनं कच्चा जोड सुटू शकतो. त्यासाठी सहकाऱ्यानं विमान दोन्ही हातांनी धरून ठेवावं. मी खुंटी ठोकून विमान तिला बांधलं आणि इंजिन चालू केलं. सगळं विमान असं थरथरायला लागलं की आरसा नुसता चमचमत राहिला. बटण दाबलं तरी तेच, नाही दाबलं तरी तेच. चार वेळा करून पाहिलं आणि मग ती ओळ मी सोडून दिली.

पावसाळा सरल्यावर, उडवायच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून मी रिसीव्हर उघडला. पितळेच्या वाटीत दही कळकावं तसे त्याचे सातही जोड हिरवे पडले होते. नवसागरानं आतून तांबं खाल्लं होतं. माझे राळेचे ओबडधोबड जोड मात्र जसेच्या तसे होते. भांड्यापुरतं त्याचं खरं होतं. रेडिओपुरतं माझं खरं होतं, आणि मी तेव्हा तोंड उघडलं नव्हतं.

डाग द्यायची इस्त्री तापवली आणि एकेक जोड काढायला बसलो. सहा काढले. खरवडलं, पुसलं, राळ लावून नवे दिले. प्रत्येक जोड निघताना मला वाईट वाटत होतं. या विमानात त्याचं असं जे काही होतं ते मी माझ्याच हातानं पुसत चाललो होतो. सातवा त्या फुलीचा. मी इस्त्री त्याच्याजवळ नेली आणि बाजूला ठेवली. चाकूच्या टोकानं वरचं हिरवं खरवडलं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, तार ओढून पाहिली. धरून होती. फुलीही नीट दिसत होती. म्हटलं, असू दे. एक राहू दे.

हे यंत्राचं ज्ञान नव्हतं. ही निव्वळ माया होती, आणि यंत्राला माया कळत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं.

थंडीतला एक रविवार होता. वारा पडलेला. माळावर गेलो आणि सगळं क्रमानं केलं. पंख रबरांनी बांधला. दोन बोटांच्या टोकांवर विमान तोलून पाहिलं, नाकाकडं किंचित झुकलं, म्हणजे ठीक. शेपटीचं पान फिरवणारं रबर पिळून भरलं. आरशाचा तुकडा काढून टाकला. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण पिचकारीनं टाकीत सोडलं, त्याचा उग्र गोड वास नाकात शिरला. पंख्याचं पातं बोटानं फिरवत राहिलो. विसाव्या-पंचविसाव्या वेळेला इंजिन बोटाला एक सणसणीत टोला देऊन चालू झालं. पेटी गळ्यात अडकवली, विमान उजव्या हातात डोक्यावर धरलं, दहा-बारा पावलं पळालो आणि सोडलं.

ते गेलं! सरळ वर गेलं. माझं विमान हवेत होतं. बटण दाबलं, ते उजवीकडं वळलं. सोडलं, सरळ झालं. पुन्हा दाबलं, डावीकडं वळलं. "बघ! बघ की!" असं मी मोठ्यानं म्हणालो आणि उजवीकडं मान वळवली. उजवीकडं माळ होता.

मान परत वर केली आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दाबतच राहिलो. पेटी हलवली, एरियल वर केली, धावलो. विमान मोठे मोठे वळसे घेत, माझं काही एक न ऐकता, नदीकाठच्या उसाकडं निघालं होतं. मग इंजिनाचा आवाज थांबला. पांढरे पंख तेवढे शांतपणे तरंगत खाली खाली गेले आणि उसात दिसेनासे झाले. मी दुपारपर्यंत हिंडलो. डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरलेली वस्तू शोधणं म्हणजे काय, हे ज्यानं ऊस पाहिलाय त्याला सांगायला नको. हात-तोंड पात्यांनी कापून घेऊन परत आलो. सुभेदारांनी माझा अवतार पाहिला. त्या दिवशी त्यांनी 'उडालं का' विचारलं नाही. तांब्या भरून पाणी तेवढं आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून मी कानपूरला कार्ड टाकलं. "विमान उडालं. आता ये." बाकी काही लिहिलं नाही. लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं.

उत्तर यायला बराच काळ लागला. "लय आनंद झाला. इकडं धंदा वाढलाय. काकांनी नवं दुकान माझ्यावर सोपवलंय. रजा मिळाली की गावाकडं येईन तवा भेटू." ते कार्ड मी कितीतरी वेळा वाचलं. सांगलीच्या दुकानाचा त्यात उल्लेख नव्हता. 'माझं दुकान' असं नव्हतं, 'दुकान माझ्यावर सोपवलंय' असं होतं, यातच मी काही दिवस आशा धरून बसलो. माणूस एकटा असला की असले कीस काढत बसतो.

ऊस तुटायला लागला तेव्हा कचेरीच्या दारात एक शेतकरी पोतं घेऊन उभा राहिला. विमानाच्या पोटात मी माझ्या नावाची आणि कचेरीच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवली होती, ती त्यानं कुणाकडून तरी वाचून घेतली होती.

"ह्ये तुमचंच न्हवं? आमच्या उसात गावलं बगा. आमाला वाटलं, दुस्मानाचं हाय का काय. थोरला फौजेत हाय आमचा, रजेवर आलाय. त्यो म्हणला, कुनी हात लावू नका. मग दोन दिस त्येला तसंच दाव्यानं बांधून ठिवलं हुतं."

"बांधून कशाला?"

"आवं, पुन्हा उडालं तर?"

सगळी कचेरी हसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, म्हणून लक्षात आहे.

पंख मोडला होता, शेपटीचा कागद उंदरांनी खाल्ला होता. रिसीव्हर उघडला. सगळे जोड शाबूत होते, एक सोडून. फुलीच्या जोडातून तार निसटून लोंबत होती. इंजिनाच्या थरथरीनंच ती सुटली असणार. ती चालू इंजिनाची तपासणी केली असती, दोन हात विमान धरायला असते, तर माळावरच कळलं असतं.

पंख मी नवा केला, शेपटीला कागद चढवला. ती तार मात्र तशीच लोंबत ठेवली.

आणि एक दिवस तो खरंच आला. गावच्या जत्रेला आला होता, परत जाताना वाटेत सातारला उतरला. कोरेगावहून दुपारची गाडी धरायची होती, हातात तीन-साडेतीन तास होते. अंगात टेरिलिनचा शर्ट, मनगटावर घड्याळ, अंगानं थोडा भरलेला. मधूनच हिंदी शब्द बोलायचा. मी रात्रभर झोपलो नव्हतो, हे त्याला सांगितलं नाही.

चहा होईपर्यंत त्यानं रिसीव्हर हातात घेतला. झाकण काढलं आणि एका नजरेत त्याला कळलं. शेवटी गलाईवाला.

"नवसागरानं खाल्लं."

"व्हय."

"बाकीचं सा काढल्यास. ह्यो का ठिवलास?"

हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी ती तार तशी ठेवली होती. उत्तर कितीतरी दिवस तोंडपाठ होतं. आणि मी म्हणालो, "राहून गेला."

"उडालं म्हणून लिव्हलं हुतंस की."

"उडालं. परत आलं न्हाई."

"आन् धरायला कोण हुतं?"

"कोण न्हवतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. खरंच नवल वाटल्यासारखं पाहिलं. "येवढा सातारा, आन् तुला एक माणूस गावंना? सुभेदारास्नी सांगायचं की गड्या."

तो हे इतक्या सहज बोलला की माझं रागावणंही आतल्या आत विरून गेलं. मी त्याच्यासाठी एक जागा राखून बसलो होतो आणि तशी काही जागा आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. यात त्याचा काय दोष?

त्यानं इस्त्री मागितली, राळ मागितली. दोन मिनिटांत जुना जोड काढून नवा दिला. "आता पक्का," म्हणाला. हात अजून तसाच होता. या वेळी त्यानं सुईनं खूण केली नाही.

"चल, माळावर जाऊ," मी म्हणालो. "तिथनंच तुला कोरेगावची एस.टी. मिळंल. नुसतं धर. पान हाललं की हात वर कर."

सायकलवर पुढं तो विमान मांडीवर घेऊन बसला, मी हाणत गेलो. वाटेत त्यानं लग्न ठरल्याचं सांगितलं. मुलगी तिकडच्याच एका दुकानदाराची, आपल्याच भागातली. मी चांगलं झालं म्हणालो.

रस्त्याला लागूनच तो उभा राहिला. पिशवी पायाशी ठेवली, विमान छातीशी धरलं. मी इंजिन चालू करून दिलं. आणि पेटी घेऊन चालायला लागलो.

शंभर पावलांवर वळून बटण दाबलं. त्याचा हात वर झाला. आरसा लकाकणं आणि माणसाचा हात वर होणं यात किती फरक असतो, हे मला तेव्हा कळलं. दोनशेवर दाबलं, हात वर. तीनशेवर दाबलं, हात वर. पत्रकाच्या हिशेबानं तपासणी संपली होती. मी आणखी पुढं गेलो. साडेतीनशे, हात वर. चारशे, हात वर. मला थांबायचं नव्हतं. जोवर मी चालत होतो तोवर त्याला विमान धरून उभं राहावं लागणार होतं.

साडेचारशेला वळलो. पेटी सावरून अजून बटणावर अंगठाही नेला नव्हता, तेवढ्यात त्याचा हात वर झालेला दिसला.

तो हात एस.टी.ला होता.

मी पळत आलो. तोवर त्यानं इंजिन बंद करून विमान गवतावर नीट ठेवलं होतं आणि एक पाय पायरीवर ठेवून कंडक्टरला थोपवून धरलं होतं. इंजिनाच्या तेलानं त्याचा नवा शर्ट डागळला होता. ते बघून तो हसत होता.

"झ्याक चालतंय!" तो ओरडला. "उडालं की कळव!"

घंटी वाजली. पुढं तो काही बोलेल म्हणून मी थोडा वेळ बघत राहिलो. पुढं काही नव्हतं. मिरजेच्या स्टेशनवर त्यापुढं आणखी एक वाक्य होतं.

"कळवतो," मी म्हणालो.

खोलीवर आलो तेव्हा सुभेदार ओट्यावर होते. त्यांनी आताशा विचारणं सोडलं होतं. मीच त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "येत्या रविवारी इमान धरायला याल का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "झालं व्हय तयार?" म्हणाले, आणि आत जाऊन पलटणीतले बूट काढून पुसायला बसले.

रविवारी त्यांनी एक गुडघा जमिनीला टेकून, दोन्ही हातांनी ते असं धरलं की इंजिन चालू असूनही जागचं हललं नाही. विमान उडालं, माझं ऐकत माळावर चार वळसे घेतले आणि आमच्यापासून वीस पावलांवर येऊन उतरलं. सुभेदारांनी शिट्टी वाजवली.

कानपूरला लिहायला कार्ड आणून ठेवलं होतं. ते लिहायचं राहून गेलं.